जे-फ्रेम .३२ची रबरी ग्रिप निघता निघत नाही

कोथरूडकर_३२:
स्मिथ अँड वेसन मॉडेल ३०, म्हणजे छोट्या जे-फ्रेम सांगाड्यावरचं .३२ रिव्हॉल्व्हर, सहा राउंडचं. मूळ लाकडी ग्रिपच्या जागी दोन भागांची रबरी ग्रिप आहे, डावीकडे एकच स्क्रू. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा केलेलं रिव्हॉल्व्हर पावसाळ्यानंतर परत आलं आणि मुठीच्या मागच्या कडेला, रबराला लागून, तांबूस रेघ दिसतेय. आत किती गंज चढलाय ते बघायचंय. स्क्रू पूर्ण काढला, तरी दोन्ही भाग जागचे हलत नाहीत. कडेत स्क्रूड्रायव्हर घालायची हिंमत होत नाही.

खडकी_फिटर:
घालूच नका. ब्लूइंगवर, म्हणजे धातूवरच्या निळसर-काळ्या थरावर, पडलेला ओरखडा कायमचा, आणि रबराची कड फाटली की ग्रिप बाद.

आधी सिलिंडर उघडून काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत ना, ते डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

स्क्रू पूर्ण काढलात तिथेच अडलंय. तो परत घाला, नटात तीन-चार आटे बसू द्या, डोकं थोडं वर राहील. टॉवेलची जाड घडी टेबलाच्या कडेला ठेवून रिव्हॉल्व्हर डावी बाजू वर करून आडवं ठेवा, मुठीची उजवी बाजू कडेबाहेर मोकळी. आता स्क्रूच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने हलके ठोके द्या. नट उजव्या भागात रुतलेला असतो, त्यामुळे स्क्रू त्या भागाला आतून बाहेर ढकलतो. किंचित फट पडली की थांबा, स्क्रू काढा आणि उजवा भाग सरळ बाहेर ओढा. पिळायचा नाही. फ्रेमच्या तळाशी एक आडवी पिन आहे, ती ग्रिपच्या खाचेत बसते. पिळलं की खाचेजवळचं रबर तुटतं. मग डावा भाग आतून अंगठ्याने ढकला.

स्क्रूड्रायव्हरचं पातं स्क्रूच्या खाचेत पूर्ण भरेल एवढंच रुंद हवं. घरगुती निमुळतं पातं सटकतं आणि डोकं खातं. सपाट, समांतर पात्याचे बिट पुण्यात बोहरी आळीत मिळतात.

पेठेतला_नेमबाज:
वरचं बरोबर. जुनं रबर धातूला चिकटलं असेल तर ठोक्याने नट सुटून येतो, रबर तिथेच राहतं. तेव्हा दात साफ करायचा फ्लॉस रबर आणि मुठीच्या मागच्या धातूच्या पट्टीच्या मधे घालून करवतीसारखा वरून खाली फिरवा. हेअर ड्रायरने मिनिटभर कोमट केलं की रबर आणखी ढिलं होतं. हाताला चटका बसेल इतकं तापवू नका. थिनर, पेट्रोल नको, रबर फुगतं. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

कोथरूडकर_३२:
निघाली! ठोक्याने फट पडली, बाकी काम फ्लॉसने झालं. मागच्या पट्टीवर बोटभर लांबीचा गंज, पण वरवरचा. पुढे?

खडकी_फिटर:
पातळ तेलाचे दोन थेंब, पाच मिनिटं मुरू द्या, मग सुती फडक्याने घासा. पॉलिश पेपर नको, ब्लूइंग जातं. उघड्या फ्रेममध्ये गुंडाळीची मेनस्प्रिंग (घोड्याला जोर देणारी स्प्रिंग) दिसेल, तिला आणि साइडप्लेटच्या, म्हणजे फ्रेमच्या बाजूच्या झाकणाच्या, स्क्रूला हात लावू नका. साइडप्लेट चुकीच्या पद्धतीने उचकटली की कड वाकते. तसं काम निघालंच तर परवानाधारक डीलरकडे, मूळ परवाना सोबत नेऊन.

बसवण्याआधी धातूवर तेलाचा नुसता हात फिरवा. जास्तीचं तेल रबरात जिरतं. स्क्रू आधी बोटाने दोन-तीन आटे लावा, मग टेकेपर्यंतच. जास्त आवळला तर नट रबरात गरगर फिरू लागतो. तसं झालंच, तर उजव्या बाजूने नटावर अंगठा दाबून स्क्रू फिरवा.

पेठेतला_नेमबाज:
शेवटी सिलिंडर उघडून रिकाम्या पुंगळ्या घाला आणि एजेक्टर (पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा) दाबून बघा. डाव्या भागाची वरची कड जाड असली तर मुठीजवळची पुंगळी तिथे अडते. आणि पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, ही ग्रिप महिन्यातून एकदा उतरवा. रबराखाली शिरलेला दमट वारा आणि हाताचा घाम बाहेरून पुसून जात नाही.