मॉरिशस म्हातारं झालं, त्यात पेन्शनचा काय दोष?

व्हाक्वाची सून: "साठी झाली की फुकट पेन्शन, म्हणूनच मॉरिशस बुडतंय" अशी हिशेबी काकांची पोस्ट काल इथे वाचली. लिहिणारे आठवडाभर बीचवर राहून आलेले दिसतात; मी मॉरिशसच्याच व्हाक्वा गावात नांदते. अहो, सरसकट पेन्शन 1958 पासून आहे, आणि तेव्हा पोरं बख्खळ होती! ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्या 1961 च्या अहवालात भीती होती ती लोकसंख्येच्या स्फोटाची. मग कुटुंबनियोजन आलं, मुली शिकल्या, कपड्यांच्या कारखान्यांत लागल्या. बाईमागे सहाच्या आसपास मुलं होती, आता दीडसुद्धा नाही. 2011 ते 2022 लोकसंख्या जवळपास जागच्या जागी, साडेबारा लाखांच्या आत. यात पेन्शन कुठे आली?

हिशेबी काका: म्हातारे पेन्शनमुळे झाले असं मी लिहिलंच नव्हतं. प्रश्न पैशाचा आहे. 2025 मध्ये महिना 15,000 मॉरिशियन रुपये होते, बंगलेवाल्यालाही! 2025 च्या बजेटमध्ये वय साठावरून पासष्टवर न्यायचं ठरलं, ते काय हौस म्हणून?

व्हाक्वाची सून: माझ्या सासूबाई उसाच्या मळ्यात राबल्या. साठीच्या आत गुडघे गेले. "अजून पाच वर्षं थांबा" हे त्यांना तुम्ही येऊन सांगा. दीर कॅनडात, नणंद फ्रान्समध्ये. विसर्जनाला गणपती उचलायला शेजारची पोरं बोलवावी लागतात. सकाळचा पाव भाजतात बांगलादेशी कामगार.

एसटीप्रेमी: तिकडे ज्येष्ठांना बस 2005 पासून फुकट आहे म्हणे. आपल्याकडे पंचाहत्तरीनंतर, तेही 2022 पासून. आमच्या अण्णांच्या आधारवर जन्मसाल चुकलंय. कंडक्टरने भर गाडीत अर्धं तिकीट फाडलं!

पिंट्या सातारकर: महिलांना मात्र वयाची अट नाही, सरसकट अर्धं. पुरुषांनी काय घोडं मारलंय?

मीनल: पिंट्या, पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन बाजार गाठ एकदा. मग बोल.

पिंट्या सातारकर: माझी आई तेच करायची, पूर्ण तिकीट काढून. मला शिकवू नका.

व्हाक्वाची सून: धागा मॉरिशसचा आहे हो!

हिशेबी काका: बरं बाई, ऊस तोडणाऱ्यांना साठीला द्या. उदार झालो. पण एसी केबिनमधून निवृत्त झालेल्यांनाही तेवढेच?

व्हाक्वाची सून: त्यांचे कापा, माझं काही म्हणणं नाही. पण पासष्टची अट सगळ्यांनाच लावली की! तुमचा हिशेब नेहमी गुडघे गेलेल्यांपासूनच का सुरू होतो?

एसटीप्रेमी: भांडण चालू द्या. आधारवरचं जन्मसाल शाळेच्या दाखल्यावर दुरुस्त होतं का, तेवढं कुणीतरी सांगा.