गच्चीवर सोलर बसवण्याबाबत: सामाईक मीटरचा हिशेब

खजिनदार, ए-२०४
सर्व सभासदांना नमस्कार. मागच्या सभेत सोलरचा विषय वेळेअभावी राहिला, म्हणून हिशेब इथे सविस्तर मांडतो. सर्वांनी तो शांतपणे वाचून मगच मत द्यावे, ही विनंती. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले व पार्किंगमधले दिवे मिळून आपल्या सामाईक मीटरवर गेल्या वर्षभरात दरमहा सरासरी ९८० युनिट वीज लागली आणि बिल साधारण १६,००० रुपयांच्या घरात आले. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. १००, ३०० आणि ५०० युनिट ओलांडली की पुढचे प्रत्येक युनिट महाग पडते. सोलरमुळे जी युनिट वाचतात ती सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातली आधी वाचतात. सोसायटीच्या मीटरला सोलर परवडण्याचे खरे कारण हे आहे. ‘फुकट वीज’ या शब्दांवर कोणीही जाऊ नये.

एक किलोवॅटमागे आपल्या पुण्यात वर्षाला साधारण १,३०० युनिट धरणे सुरक्षित आहे. त्या हिशेबाने मी सुचवत असलेल्या ८ किलोवॅटच्या यंत्रणेचे १०,४०० युनिट होतात आणि आपला वर्षाचा वापर ११,७६० आहे. काही विक्रेत्यांनी १० किलोवॅटचा आग्रह धरला होता, पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज एकाच मीटरवर मोजण्याच्या सोयीत, दिवसा जास्तीची तयार झालेली वीज आपल्या खात्यावर जमा होऊन महिन्यामागून महिना पुढे सरकत असली, तरी ३१ मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो आणि उरलेल्या युनिटला फार कमी भाव मिळतो. त्यामुळे वापरापेक्षा जास्त क्षमता बसवण्यात आपला तोटा आहे.

सी-४०२
खजिनदारसाहेब, हिशेब स्पष्ट मांडल्याबद्दल आभार. माझा मुद्दा असा की फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, तर सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयेच मिळतात. आमच्या घरी दोन एसी असल्यामुळे उन्हाळ्यात वापर ४०० युनिटच्या पुढे जातो. मग ज्याला गरज आहे त्याने स्वतःच्या खर्चाने गच्चीवर पॅनेल बसवले, तर सोसायटीची हरकत का असावी?

खजिनदार, ए-२०४
तुमचा प्रश्न रास्त आहे आणि अनुदानाचे आकडेही बरोबर आहेत. अडचण जागेची आहे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. आपली गच्ची मोठी दिसते, पण २२ डिसेंबरला, म्हणजे सूर्य सर्वांत खाली असतो त्या दिवसांत, मी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता वर जाऊन पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली कुठवर येते ते खडूने आखले. सकाळी नऊला टाकीची सावली जवळजवळ कठड्यापर्यंत पोहोचली होती. तिन्ही वेळच्या रेषा वगळून मोजले, तेव्हा हाती १,१०० चौरस फूटच उरले. एका पॅनेलवर सावली पडली, तर त्याच ओळीत जोडलेल्या इतर पॅनेलचीही वीज कमी होऊ शकते, त्यामुळे या रेषा ओलांडणे शहाणपणाचे नाही. सामाईक यंत्रणेला ८०० चौरस फूट लागतील आणि उरलेल्या जागेत एकाच घराची सोय होईल. २४ घरांपैकी ते एक घर कोणते, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडेही असू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. गच्ची सर्वांची आहे, तेव्हा तिथल्या उन्हाचा लाभही सर्वांच्या देखभाल खर्चात दिसला पाहिजे.

बी-५०१
मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहते, म्हणून मला बोलणे भाग आहे. माझ्या नातीच्या खोलीच्या छतावर पंख्याजवळ ताटाएवढा ओलाव्याचा डाग आहे. दर पावसाळ्यात तो वाढतो, पोपडे गादीवर पडतात, आणि दोन वर्षांपूर्वी रंगवलेले छत पुन्हा काळे पडले आहे. आता त्याच गच्चीला भोके पाडून लोखंडी सांगाडा उभा करणार असाल, तर पाणी कोणाच्या घरात उतरेल, याचाही विचार व्हावा. माझा सोलरला विरोध नाही. परंतु एकदा सांगाडा उभा राहिला की त्याखालचे वॉटरप्रूफिंग नीट करता येत नाही, आणि पुढची पंचवीस वर्षे आम्ही बादल्या लावत बसू.

खजिनदार, ए-२०४
काकू, तुमचे म्हणणे अगदी योग्य आहे आणि माझ्या पहिल्या हिशेबात हा खर्च नव्हता, ही माझी चूक झाली. आज पुन्हा बसून आकडे मांडले. आलेल्या कोटेशनपैकी मधल्या रकमेच्या कोटेशनप्रमाणे उंच सांगाड्यासह यंत्रणा ४,८०,००० रुपये आणि अनुदान १,४४,०००, म्हणजे आपला खर्च ३,३६,००० रुपये. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे २,१०,००० धरले की एकूण ५,४६,००० होतात. वर्षाची बचत मी १,५०,००० रुपयेच धरतो, त्यातून पॅनेल धुण्याचे १२,००० वजा करतो, म्हणजे चार वर्षांत पैसे वसूल होतात. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारे यंत्र, बॅटरीचा घरगुती इन्व्हर्टर नव्हे) बदलावा लागेल, त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवू. सांगाडा भोके न पाडता सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभा करता येतो. मात्र वाऱ्याच्या जोराचा आणि स्लॅबवर येणाऱ्या वजनाचा दाखला स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घेतल्याशिवाय काम सुरू होऊ देणार नाही.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणाचा गैरसमज नको. अनुदान यंत्रणा सुरू झाल्यावर मिळते, तोवर पूर्ण रक्कम आपल्याला भरावी लागेल, आणि त्यासाठी पॅनेल व त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. दुसरे म्हणजे, वीज गेली की ही यंत्रणाही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. तेव्हा लिफ्टचा जनरेटर काढून टाकावा, असे कोणी सुचवू नये. माझ्या मेहुण्यांच्या घरी विक्रेत्याने पूर्ण पैसे आधी घेतले आणि नेट मीटर बसण्यापूर्वीच फोन उचलणे बंद केले. सहा महिने छतावर पॅनेल होते आणि बिल पूर्वीसारखेच येत राहिले. म्हणून आपल्या करारात शेवटचा हप्ता नेट मीटर सुरू झाल्यानंतरच द्यावा, असे मी लिहून घेणार आहे.

सी-४०२
सावलीच्या रेषा आज संध्याकाळी वर जाऊन स्वतः पाहिल्या. स्वतंत्र पॅनेलची मागणी मी मागे घेतो. सामाईक यंत्रणेला माझी संमती आहे.

सचिव, बी-१०३
सर्वांचे म्हणणे नोंदवले आहे. विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत वॉटरप्रूफिंग आणि सोलर हे दोन ठराव याच क्रमाने घेतले जातील. पहिले काम पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याची ऑर्डर जाणार नाही.

बी-५०१
मग माझी एकच विनंती. वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून ठेवावे आणि तिसऱ्या दिवशी सचिव, खजिनदार आणि ठेकेदार या तिघांनी माझ्या घरी येऊन नातीच्या खोलीचे छत हात लावून पाहावे. ते कोरडे निघाले, तर सोलरच्या ठरावाला अनुमोदक म्हणून माझे नाव घाला.