मासळी ओळखणारं मॉडेल: उपजत काय द्यायचं, अनुभवावर काय सोडायचं?

खाडीकाठ
रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरणारी मासळी फोटोवरून ओळखायची आहे. बांगडा, तारली, सुरमई, लेपा असे आठ प्रकार, प्रत्येकी दीडशेच्या आसपास फोटो. कोऱ्या पाटीवर एवढ्यात शिकेल का?

तांडेल_७
कोरी पाटी नसतेच. कन्व्होल्यूशन, म्हणजे एकच छोटी चौकट (फिल्टर) चित्रभर फिरवून खुणा शोधणं, हेच मुळात उपजत ज्ञान आहे. 224×224 च्या रंगीत चित्राला थेट जोडलेल्या एका न्यूरॉनला 1,50,528 वेट्स (शिकताना बदलत जाणारे आकडे) लागतात. 3×3 फिल्टरला तिन्ही रंग धरून फक्त 27, आणि तीच चित्रभर फिरतात. मासा क्रेटच्या कुठल्याही कोपऱ्यात असला तरी मासाच, हे रचनेतच आलं.

पण तुमच्या फोटोंना तेवढंही पुरणार नाही. इमेजनेट या चित्रसंग्रहातल्या सुमारे 12 लाख चित्रांवर शिकलेलं रेझनेट-50 हे कन्व्होल्यूशनवालं मॉडेल घ्या. शेवटचा थर काढून आठ आउटपुटचा नवा लावा, बाकी सगळं गोठवून (वेट्स न बदलता) आधी तोच शिकवा. तो स्थिरावला की त्याच्या लगतचा थरांचा एक गट (ब्लॉक) उघडा, पण लर्निंग रेट (एका वेळी वेट्स किती बदलायचे ते) शंभरपट कमी करून. नाहीतर आधीचं शिकलेलं पुसलं जातं.

सुकती_भरती
फोटो आरशासारखे उलटवून संख्या वाढवणार असाल तर लेप्याकडे बघा. सायनोग्लॉसिडी कुळातल्या लेप्यांचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला असतात, सोलिडी कुळातल्यांचे उजव्या. उलटवलंत की ही खूणच गेली! बांगड्याला खुशाल उलटवा.

गो हा पटावरचा खेळ खेळणारं 2017 चं अल्फागो झीरो उलटवण्याची हीच युक्ती वापरायचं: गोचा पट फिरवा किंवा उलटवा, डाव तोच, म्हणून एका स्थितीची आठ रूपं. बुद्धिबळात प्यादं एकाच दिशेने जातं, त्यामुळे बुद्धिबळही खेळणाऱ्या, त्याच वर्षीच्या अल्फाझीरोने ही सवलत सोडली. बाकी ‘शून्यातून शिकलं’ हे जरा चढवून सांगतात; खेळाचे नियम आणि ट्री सर्च (पुढच्या चालींच्या शक्यता तपासायची पद्धत) दोघांच्याही हातात आयतेच होते.

खाडीकाठ
रेझनेटऐवजी व्हिजन ट्रान्सफॉर्मर (चित्राचे तुकडे पाडून त्यांची नाती शिकणारं मॉडेल) घेतला तर?

तांडेल_७
आयता शिकलेला असेल तर चालेल, कोरा नको. त्यात शेजारच्या पिक्सेलचं नातं फारसं बांधलेलं नसतं, ते अनुभवातून कमवावं लागतं. 2020 च्या मूळ प्रयोगात नुसत्या इमेजनेटवर तो तेवढ्याच आकाराच्या रेझनेटच्या मागे पडला. 30 कोटी चित्रांवर शिकवल्यावर पुढे गेला.

सुकती_भरती
आणखी एक, इथेच बहुतेकांची फसगत होते. एकाच क्रेटचे फोटो ट्रेन (शिकवायच्या) आणि टेस्ट (तपासायच्या) दोन्ही संचांत गेले तर मॉडेल मासा सोडून क्रेटचा रंग नि बर्फ पाठ करतं. अचूकता 98 टक्के दिसते, दुसऱ्या होडीची मासळी आली की कोसळते. म्हणून फोटो सरमिसळ करून वाटू नका. तारखेनुसार वाटा, आणि टेस्टला एखादी होडी पूर्ण बाजूला ठेवा.