मदत हवी आहे: टू-व्हीलर गॅरेज गावात टाकू की फैजपूरला?

नमस्कार मंडळी,

मी यावल तालुक्यातला. आयटीआय करून भुसावळला एका गॅरेजात कामाला आहे, आरसेटीचं (ग्रामीण तरुणांसाठीची बँकांची प्रशिक्षण संस्था) दुचाकी दुरुस्तीचं मोफत प्रशिक्षणही केलंय. आता पीएमईजीपीतून (नव्या उद्योगाला बँक कर्ज आणि सबसिडी देणारी केंद्राची योजना) स्वतःचं गॅरेज टाकायचंय, पण जागेवरून गाडं अडलंय.

प्रकल्प ६ लाखांचा: लिफ्ट, कॉम्प्रेसर, स्कॅनर, हत्यारं, थोडे स्पेअर. मी ओबीसी, म्हणून स्वतःचे ५ टक्के, ३०,००० घालायचे. ग्रामपंचायत हद्दीत टाकलं तर सबसिडी ३५ टक्के, म्हणजे २,१०,०००. फैजपूरला नगरपालिका, तिथे २५ टक्क्यांनी १,५०,०००. साठ हजार आमच्या घरासाठी लहान रक्कम नाही. शिवाय गावात जागा घरची, भाडं नाही. पण बाजार आणि गिऱ्हाईक फैजपूरला.

मन मात्र गावाकडे ओढतं. एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या), फ्युएल इंजेक्शनच्या. मीटरवर इंजिनचा दिवा लागला की आमच्याकडे प्लग साफ करतात, एअर फिल्टर झटकतात, दिवा तसाच राहतो. स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड येतो, आणि कित्येकदा उंदराने कुरतडलेली सेन्सरची वायर निघते. तेवढ्यासाठी केळी कापणीवर जाणारा माणूस गाडी घेऊन भुसावळला येतो, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. हे काम गावात व्हायलाच हवं.

दुसरी अडचण. योजना फक्त नव्या उद्योगाला आहे. मित्र म्हणतात, आधी शटर उघड, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) कर, मग अर्ज टाक. मला भीती वाटते की चालू धंदा दाखवून प्रकरणच बाद होईल. कोणाचं असं झालंय का?

सबसिडी तीन वर्षं बँकेत टीडीआरमध्ये (मुदत ठेवीत) अडकून राहते. तेवढ्यात गावातलं गॅरेज फैजपूरला हलवलं तर ती परत जाते का?

आणि एका बँकेत चौकशीला गेलो तर पहिल्याच भेटीत सातबारा मागितला. एवढ्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. साहेबांशी न भांडता हे कसं मांडायचं? वडिलांच्या शेतावर बोजा चढवायचा नाही, हे माझं पक्कं आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या भावांचं प्रकरण जिल्हा उद्योग केंद्रातून मंजूर झालंय, त्यांनी कृपया सांगा. प्रकल्प अहवाल स्वतः केला की सीएकडून, हेही कळवा.