मुक्तिनाथ यात्रा: विमान की जीप?

जोशी काकू (ए-२०२): नेपाळमधल्या पोखऱ्याहून मुक्तिनाथच्या अलीकडच्या जोमसोमला विमान की जीप, टूरवाल्यांना आज रात्री कळवायचंय. विमानाने वीस मिनिटं, जीपने अख्खा दिवस. माझे गुडघे बघता मी विमानच म्हणतेय.

निखिल (सी-६०३): काकू, ठरवण्याआधी हे वाचा. २९ मे २०२२ ला याच मार्गावर तारा एअर या नेपाळी कंपनीचं ट्विन ऑटर हे छोटं विमान कोसळलं. २२ जण होते, कोणी वाचलं नाही. त्यात आपल्या ठाण्यातलं चौघांचं कुटुंब होतं.

शिंदे वहिनी: आठवतंय रे, फार वाईट झालं. पण ते विमानच जुनं होतं ना?

निखिल: जुनं होतं, पण चौकशीत निघालं ते वेगळंच. ढगात शिरल्यावर मार्ग सुटला आणि डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा बंद ठेवलेली होती. तिथे डोळ्यांनी बघतच विमान न्यावं लागतं. एकीकडे अन्नपूर्णा, दुसरीकडे धौलागिरी, दोन्ही ८,००० मीटरच्या वर. मधे काली गंडकीची दरी. ढग दाटले तर मागे वळायलाही जागा अपुरी पडते. फेब्रुवारी २०१६ मध्येही याच कंपनीचं ट्विन ऑटर याच मार्गावर ढगात शिरून पडलं. २३ जण गेले.

शिंदे काका: मग दुपारी, ढग हटल्यावर का नाही जात?

निखिल: काका, ऊन चढलं की दरीत वारा सुटतो. दुपारी तर एवढा जोर असतो की छोटं विमान उतरवणं धोक्याचं. म्हणून उड्डाणं सकाळीच. सकाळी ढग असले तर ते हटेपर्यंत वारा सुरू होतो, फ्लाइट रद्द. आणि आपली मुंबईची तिकिटं अगदी लागून आहेत! अडकलो की सगळे काउंटरवर जाऊन ‘सोडा, सोडा’ करणार. हात जोडून सांगतो, तसं कोणी करू नका. वैमानिक नाही म्हणाला तर नाही.

जोशी काकू: पटलं बाबा. मधे एक दिवस मोकळा ठेवायला सांगा ना.

सेक्रेटरी: आत्ताच बोललो. पोखऱ्यात एक मुक्काम वाढवतायत, माणशी खर्च थोडा वाढेल. फ्लाइट रद्द झाली तर जीप तयार असेल. विमान नकोच असेल त्यांनी नऊपर्यंत नावं टाका.

शिंदे वहिनी: आम्ही दोघं जीपने.

जोशी काकू: मीही जीपनेच. पुढची सीट ठेवा, आणि वाटेत तातोपानीला रात्री थांबता येईल का तेही विचारा.