मदत हवी आहे: पॉवर अ‍ॅप्समध्ये कापणी झालेले शेतकरीही 'बाकी'त दिसतायत

केळी_सावदा:
घाईत आहे, उद्या पहाटे गाड्या लागणार. केळी खरेदीसाठी पॉवर अ‍ॅप्समध्ये (मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅप बनवायचं साधन) अ‍ॅप केलंय, शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टचीच ऑनलाइन याद्या-फाइली ठेवायची सेवा) दोन याद्या आहेत, 'शेतकरी' आणि 'कापण्या'. गॅलरीत (अ‍ॅपच्या पडद्यावरची यादी) फक्त कापणी बाकी असलेले हवेत. फॉर्म्युला साधा आहे, 'कापण्या'त नाव नाही तेवढेच शेतकरी दाखव:
फिल्टर(शेतकरी, नॉट(नाव इन कापण्या.नाव))
आधी बरोबर चालत होतं. आता परवा माल उचलला ते लोकही 'बाकी'त येतात. कापणीची टोळी त्याच बागेत जाऊन उभी राहते, मजुरी अंगावर पडते. लगेच सांगा.

भुसावळ_लाईन:
फॉर्म्युल्यावर इशाऱ्याचा पिवळा त्रिकोण दिसतो का? 'कापण्या'त ओळी किती? गेल्या वर्षीच्याही त्यातच आहेत का?

जिनिंगवाला:
एवढा खटाटोप कशाला, एक्सेलमध्ये व्हीलूकअप मारा. आमचा कापसाचा अख्खा हंगाम त्याच्यावर निघतो.

केळी_सावदा:
एक्सेल नको. मुकादम शेतातून मोबाइलवर नोंद करतात. त्रिकोण आहे, पण त्याचा काय संबंध? ओळी सातशेच्या वर, गेल्या हंगामाच्या धरून.

भुसावळ_लाईन:
संबंध तोच आहे. 'इन' लावून दुसरी यादी तपासायचं काम शेअरपॉइंट स्वतः करत नाही. अ‍ॅप पहिल्या 500 ओळी ओढून आणतं आणि तेवढ्यातच शोधतं. परवाच्या नोंदी त्याच्या पलीकडे राहिल्या, म्हणून ते शेतकरी 'बाकी'त. एरर कुठलीच येत नाही, यादी गुपचूप चुकते. हेच सगळ्यात घातक.

धुळे_ऑफिस:
सेटिंगमध्ये जाऊन 500 चे 2000 करा, पाच मिनिटांचं काम.

भुसावळ_लाईन:
2000 च्या वर जाताच येत नाही. पुढच्या हंगामात पुन्हा हेच.

धुळे_ऑफिस:
मग अ‍ॅप उघडतानाच क्लिअरकलेक्टने पूर्ण यादी आत घ्या. मी तेच करतो, कधी अडलं नाही.

भुसावळ_लाईन:
भाऊ, क्लिअरकलेक्टलाही तीच मर्यादा आहे. तुमची यादी लहान असेल. आधी गाळा, मग गोळा करा:
क्लिअरकलेक्ट(यंदाच्या, फिल्टर(कापण्या, हंगाम = "मृगबाग 2025"))
'=' ची तुलना शेअरपॉइंट स्वतः करतो, त्यामुळे यंदाच्याच ओळी येतात. मग शेतकरी 'यंदाच्या'शी ताडा. हंगामाच्या रकान्याला आत्ताच इंडेक्स (शोध सोपा करणारी सूची) लावा, यादी 5000 च्या वर गेली की अडचण येते.

तापीकाठ_ताई:
मुळात नावावर का जुळवताय? यावल-रावेरकडे एकाच गावात एकाच नावाचे दोन चौधरी निघतात. एकाची कापणी झाली की दुसराही यादीतून जाईल. प्रत्येकाला कोड द्या. दोन्ही याद्यांत तो टेक्स्टच ठेवा, एकीत नंबर नको.

नंदुरबार_मिरची:
याच यादीची पीडीएफ काढायची असेल तर कशी काढायची?

केळी_सावदा:
दादा, हंगामाने गाळून घेतलं, परवाची नावं गेली. ताई, कोड या आठवड्यात टाकतो.

बागायतदार_रावेर:
आज नवतीला (नव्या बागेच्या केळीला) भाव काय दिला ते सांगा आधी. आणि एका कापणीत बाग कुठं रिकामी होते? भरलेले घड तेवढे काढतात, उरलेल्यांसाठी टोळी पुन्हा येते. तुमच्या अ‍ॅपमध्ये पहिली गाडी भरली की माझं नाव उडणार. मग मागे राहिलेला माल झाडावरच पिकवायचा का?

केळी_सावदा:
काका, भाव फोनवर बोलू. मुद्दा मात्र बरोबर आहे, अशा दोन बागा आज यादीतून गेल्यात.

भुसावळ_लाईन:
काकांनी नेमकं सांगितलं. 'कापण्या'त 'शेवटची फेरी' असा रकाना वाढवा, आत "हो" किंवा "नाही". क्लिअरकलेक्टच्या फिल्टरमध्ये हंगामानंतर 'शेवटची फेरी' = "हो" हीसुद्धा अट टाका. एकाच्या दोन बागा असतील तर जुळवणी शेतकऱ्यावर नको, बागेच्या गट नंबरवर करा. त्यासाठी 'बागा' अशी वेगळी यादी लागेल.

केळी_सावदा:
रकाना वाढवला. आधीच्या ओळींत "हो" एकेक करून भरायचं का?

तापीकाठ_ताई:
नाही. शेअरपॉइंटमध्ये यादी ग्रिडमध्ये उघडा, एक्सेलसारखं पेस्ट होतं. यंदाच्याच ओळी भरा, जुन्या ओळी फिल्टरमध्ये येणारच नाहीत. "हो" टाकण्याआधी मुकादमाला प्रत्येक बाग विचारा.