मॅक्स() लिहायचं की ऑर्डर बाय… लिमिट १?

गोदाकाठी: बाजार समित्यांचे कांद्याचे भाव पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साठवतोय: समिती, तारीख, किमान, कमाल, सर्वसाधारण. शेवटची तारीख हवी म्हणून साधं मॅक्स(तारीख), म्हणजे सर्वांत मोठी तारीख दे, असं लिहिलं. रिव्ह्यूत शेरा आला, "पूर्ण टेबल चाळलं जाईल, ऑर्डर बाय लिमिट १ लिही," म्हणजे उतरत्या क्रमाने लावून पहिली ओळ घे. अहो, ही २००५ च्या आधीची सवय! आवृत्ती ८.१ पासून प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) ते स्वतःच करतो, तारखेवर इंडेक्स (झटपट शोधायची सूची) असला की झालं. इंडेक्सचा नेहमीचा प्रकार बी-ट्री, तो मुळात क्रमाने लावलेला, टोकाची नोंद उचलायची फक्त. एक्सप्लेन (प्लॅन दाखवणारी आज्ञा) करून बघा, 'इंडेक्स ओन्ली स्कॅन बॅकवर्ड' दिसेल, म्हणजे इंडेक्स टोकाकडून मागे वाचणं. उलट ऑर्डर बाय हाताने लिहिताना कुठे तारीख नल (रिकामी) असेल, तर उतरत्या क्रमात तीच पहिली हातात येते. मॅक्स नलकडे बघतही नाही.

सातपूरकर: वेअर (ओळी निवडायची अट) नाही तोवर सगळं गोड. आता एकाच समितीची शेवटची तारीख मागा. प्लॅनर धरून चालतो की त्या समितीच्या ओळी सगळीकडे सारख्या पसरल्यात, आणि तारखेच्या इंडेक्सवर टोकापासून मागे चालायला लागतो. तिचे लिलाव कधीचे बंद असतील तर लाखो ओळी तुडवत जातो. आमचा सकाळचा रिपोर्ट असाच लटकला होता. चहा झाला, मिसळ झाली, रिपोर्ट काही येईना.

गोदाकाठी: मग ऑर्डर बाय लिहून काय वाचलं असतं? तोच प्लॅन, तीच पायपीट! (समिती, तारीख) असा दोन्ही रकान्यांचा जोड इंडेक्स टाका.

पंचवटी_एक्सप्रेस: दोघंही पोस्टग्रेसपुरतं बोलताय. एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मिन (सर्वांत लहान) आणि मॅक्स एकाच सिलेक्टमध्ये मागितले की ही सोय गेली, दोन सबक्वेरी (क्वेरीच्या आतल्या क्वेरी) कराव्या लागतात. पोस्टग्रेस दोन्ही टोकं वेगवेगळी गाठतो. म्हणून सरसकट 'प्लॅनर बघून घेईल' म्हणू नका.

सातपूरकर: हेच म्हणतोय. आणि ग्रुप बाय समिती, म्हणजे प्रत्येक समितीची शेवटची तारीख एकदम मागितली तर? मायएसक्यूएल हा डेटाबेस जोड इंडेक्सवर एका समितीवरून दुसरीवर उडी मारू शकतो. पोस्टग्रेस सगळ्या नोंदी वाचत बसतो. तिथे समित्यांच्या छोट्या टेबलवरून एकेकीसाठी सबक्वेरी लिहावी लागते. म्हणजे हाताने लिहिणं आलंच ना भाऊ?

गोदाकाठी: आलं. पण त्या सबक्वेरीत मी मॅक्सच लिहिणार.